रामकुंडावरची नामावळी

नाशिकला रामकुंडावर कुणी विधीसाठी गेलं की क्षेत्रोपाध्ये आधी विचारतात, ‘‘आडनाव काय? मूळ गाव कोणतं?’’ तेवढ्यावर ते त्या घराण्याचं पान काढतात. वाचता वाचता खापरपणजोबा कधी आले, सोबत कोणते भाऊ होते, सगळं उलगडत जातं. ही नामावळी.

तिचं मूळ श्राद्धात आहे. पिंडदानाला बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, आईच्या माहेरचीही तशीच. आजोबांपर्यंत बहुतेकांना येतं. पणजोबांपाशी गाडी अडते. दुसरं कारण रोकडं. कोणतं घराणं कुणाचं यजमान, ही उपाध्यांची वंशपरंपरागत वृत्ती, म्हणजे उपजीविकेचा हक्क. दोघांत वाद झाला, तर पूर्वजाच्या हातचा लेख ज्याच्या वहीत, यजमान त्याचा. मला यात काही कमीपणा वाटत नाही. पोटाशी गाठ होती म्हणूनच या वह्या पूर, वाळवी, वाटण्या यांतून जिवापाड जपल्या गेल्या.

मोगलाईत गुलशनाबाद म्हणवणारं नाशिक अठराव्या शतकात पेशव्यांकडे आलं. घाट बांधले गेले, देवळं उठली, सरदारांपासून कुणब्यांपर्यंत सगळ्यांची ये-जा वाढली, तशी वह्यांची पानंही. दर बारा वर्षांच्या सिंहस्थात तर अवघा मुलूख गोदावरीवर लोटतो.

वह्या लांबट, बासनात बांधलेल्या. लिहिता येणारा यजमान स्वतःच्या हातानं लिहितो: गोत्र, गाव, वाडवडील, भाऊ, मुलगे, तिथी आणि शक. शेवटी, पुढे आमच्यापैकी कुणी आलं तर यांनाच उपाध्ये मानावं, असं कबूल करून सही. जुने लेख मोडी लिपीत आहेत.

असे लेख किती मोलाचे असतात, ते हरिद्वारला दिसलं. कला-इतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी तिथल्या पंड्यांच्या वह्यांवरून पहाडी चित्रकार नैनसुखच्या घराण्याचा माग काढला. नाशिकच्या वह्यांत अशी किती घराणी असतील! पण मोडी वाचणारे कमी होत चाललेत, आणि ही काळजी मला फार लागून राहते.

तेव्हा गेलात तर पुण्या-मुंबईचा पत्ता सांगू नका, मूळ गाव सांगा. जुनं पान वाचून घ्या, नागरीत उतरवून आणा. आणि नवा लेख लिहाल, त्यात मुलग्यांबरोबर मुलींची नावंही घाला.