सरावाची लाकडी तलवार घेताय? आधी एवढं तपासा

शिवजयंती जवळ आली की गावोगावची पोरं लाठीकाठी, तलवारबाजीच्या तयारीला लागतात. बाजारात शोभेच्या लाकडी तलवारी सहज मिळतात. त्या दिसायला छान असतात, पण वारावर वार बसला की मोडतात आणि तुटलेला तुकडा समोरच्याच्या तोंडावर जातो. डोळा एकदा गेला की परत येत नाही. म्हणून पथक चालवणारे, शिकवणारे आणि मायबाप, तिघांनीही साहित्य घेण्याआधी हे वाचावं.

आधी काम ठरवा

एकट्याने पवित्रा, हात फिरवणे, वाराची दिशा शिकायची असेल तर कठीण लाकडाची तलवार चालते. जोडीने खेळायचं असेल तर ती चालत नाही. त्यासाठी आपल्या आखाड्यांत जुना फरीगदगा आहे. फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल आणि गदगा म्हणजे तलवारीच्या जागी वापरायची, चामडं चढवलेली काठी. पंजाबातला गतका याच जातीचा खेळ. 2022 मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत तो होता. जपानमध्येही हीच रीत आहे. ठरलेल्या हालचालींसाठी ओकच्या लाकडाची तलवार आणि मोकळ्या झुंजीसाठी बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेली, वाकणारी तलवार. नियम सोपा आहे: अंगावर वार करायचा तर हत्यार वाकणारं पाहिजे.

लाकूड कोणतं?

आपल्याकडे सागवान भरपूर, म्हणून वाढई तेच सुचवतो. साग दारं-खिडक्यांना उत्तम, पण सतत ठोके खाल्ले की त्याच्या शिरा उकलतात, कुसळं निघतात. कुऱ्हाडीच्या दांड्याला जे लाकूड लावतो ते इथे कामाचं: धावडा, तिवस, बाभूळ. ही लाकडं ठोका सोसतात. बाभूळ जड असते, म्हणून लहान लेकरांना नको.

जोडीच्या सरावाला वेत सगळ्यात बरा. तो वाकतो, फुटला तरी धागे-धागे होतो, टोकदार तुकडा उडत नाही. वेत नाही मिळाला तर भरीव बांबू घ्या, पण त्यावर चामडं किंवा जाड कापड घट्ट चढवा. बांबू तीन वर्षांवरचा, पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात तोडलेला असावा. त्याला कीड कमी लागते. सावलीत वाळवा, उन्हात तडकतो. 2017 च्या कायदा दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाड धरला जात नाही, त्यामुळे बांधावरचा तोडायला अडचण नाही. जंगलातला मात्र तोडू नका.

घेताना पाच गोष्टी पाहा

1. शीर: लाकडाच्या रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ जायला पाहिजेत. रेषा मध्येच बाजूने बाहेर निघत असेल तर तलवार तिथेच मोडणार.

2. गाठ आणि भेग: गाठ असलेलं लाकूड घेऊ नका. फरशीवर हलकं आपटा. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर आत भेग असू शकते.

3. लांबी: उभं राहिल्यावर जमिनीपासून कमरेपर्यंत. मोठ्या माणसाला साधारण एक मीटर होते. लेकराला त्याच्या मापाची द्या, मोठ्या भावाची नको.

4. वजन: हात समोर सरळ करून एक मिनिट धरा. मनगट थरथरलं तर ती जड आहे. जड तलवारीने मनगट आणि खांदा दोन्ही दुखावतात.

5. टोक आणि धार: टोक अंगठ्यापेक्षा जाड आणि गोल, कडा बोथट. क्रिकेटच्या हेल्मेटच्या जाळीतून बारीक टोक आत जातं, हे लक्षात ठेवा. हेल्मेट असलं तरी खुपसण्याचा वार सरावात बंदच ठेवा.

निगा

काचपेपरने घासून जवसाचं तेल पातळ चोळा, लाकूड पाणी कमी धरतं. तेलाची चिंधी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटू शकते; पसरून वाळवा. दर सरावाआधी तलवारीवरून हात फिरवा. भेग दिसली की खिळा मारून, पट्टी गुंडाळून वापरू नका. चुलीत घाला.

मिरवणुकीआधी

साधी लाठी शस्त्र अधिनियम 1959 च्या व्याख्येत शस्त्र धरली जात नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू असला तर तलवारीसोबत काठी-लाठी नेण्यावरही बंदी येते. म्हणून पथक काढण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या.

शिकणं कुठे?

व्हिडिओ पाहून जोडीचा सराव करू नका. शेजारच्या अमरावतीत 1914 पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. या मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवली होती. तिथे किंवा जवळच्या आखाड्यात जाणता शिक्षक शोधा. तलवार वाढयाकडून नंतरही करून घेता येते, शिकवणारा मात्र आधी पाहिजे.