लंडनचा महापौर आणि पोलीस

लंडनचे पोलीसदल १८२९ साली रॉबर्ट पीलने उभारले, आणि पुढे १७१ वर्षे ते गृहमंत्र्याच्याच हाताखाली राहिले. पट्टी भरायची लंडनकरांनी. जाब विचारायचा पार्लमेंटने! नगराचे प्रतिनिधी गप्प. २००० साली महापौर आणि २५ सभासदांची सभा निवडून आली. २०१२ पासून पोलिसांची देखरेखही महापौराकडे गेली. वर्षातून दहा वेळा हे सभासद त्याला समोर बसवून बसभाड्यापासून पोलिसांच्या झडत्यांपर्यंत प्रश्न विचारतात. त्याला काढण्याचा अधिकार त्यांना नाही. दोन-तृतीयांश मतांनी अंदाजपत्रक मात्र बदलता येते. २०२२ च्या फेब्रुवारीत महापौर सादिक खान यांचा विश्वास उडाला, तेव्हा पोलीसप्रमुख क्रेसिडा डिक यांनी राजीनामा दिला. नवा प्रमुख नेमला तो मात्र राजसत्तेने, गृहमंत्र्यांच्या शिफारशीवरून.