तांब्याच्या तारेचें वेटोळें

माझ्या भाच्यानें गेल्या उन्हाळ्यांत मला एक प्रश्न विचारला. "मामा, माझ्या गिटारचा पिकअप बदलावयाचा आहे. हेवी मेटल वाजवावयाचें तर कोणता बसवावा?" मी परभणींत तीस वर्षें इतिहास शिकविला; गिटारींतलें मला कांहीं कळत नाहीं, हें त्यास पक्कें ठाऊक होतें. तरीहि प्रश्न माझ्याकडे आला, याचें कारण उघड होतें: पैसे माझ्याकडून हवे होते. त्यापूर्वीं त्यानें "सर्वांत जोरकस" म्हणून विकला जाणारा एक पिकअप स्वतःच्या शिष्यवृत्तींतून घेतला होता, आणि तो बसविल्यावर जो आवाज निघाला त्यास चिखल म्हणावें कीं धूर, याचा निर्णय आमच्या घरांत अद्याप झालेला नाहीं. त्याच्या वडिलांनीं मात्र आपला निर्णय तेव्हांच देऊन टाकला: गिटार विकावी आणि अभ्यासास लागावें.

मुलाचा उतरलेला चेहरा पाहून मीं आठ दिवसांची मुदत मागितली. एखादी वस्तु घ्यावयाची तर ती प्रथम कोणीं केली, आणि कोणत्या अडचणींत सांपडून केली, हें आधीं पाहावें, अशी माझी जुनी खोड आहे. त्या आठ दिवसांचे दोन महिने झाले. त्या वाचनांत जें हातीं लागलें तें येथें मांडतों.

प्रथम पिकअप म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. विजेच्या गिटारच्या पोलादी तारांखालीं एक लांबट डबी बसविलेली असते. तिच्यांत लोहचुंबक असतो, आणि त्याभोंवतीं केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों फेरे घातलेले असतात. वरची पोलादी तार कांपूं लागली कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें, व त्या हालचालीनें वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेनें १८३१ सालीं दाखवून दिलेला नियम तो हाच. हा प्रवाह पुढें ध्वनिवर्धकांत जाऊन शेंकडों पट वाढतो व कर्ण्यांतून बाहेर पडतो. म्हणजे गिटारचें लांकूड गातें हा आपला समज येथें बव्हंशीं खोटा ठरतो. गातें तें वेटोळें.

हा उपद्व्याप मुळांत कोणास कां सुचला? आपल्याकडील नाटकमंडळ्यांचा काळ ज्यांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे त्यांना हें समजावयास अवघड नाहीं. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हां शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकापर्यंत पद पोंचावें म्हणून नट पट्टी चढवून गात, आणि साथीस ऑर्गन घेत. अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत नाचाच्या बँडांत गिटार वाजविणाराची अवस्था याहून वाईट होती. त्याच्या शेजारीं पितळी शिंगें आणि ढोल. त्याचा हात हाललेला दिसे, पण ऐकूं कांहीं येत नसे. त्या काळीं तेथें हवाई बेटांतील, मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याच्या गिटारचा मोठा शोक होता. तीच गिटार पुढें आपल्या रेडिओवर व चित्रपटांतहि रुळली. वॅन शिपले व हजारासिंग यांच्या तबकड्या ज्यांच्या घरीं होत्या त्यांना तिचा रडवेला सूर आठवत असेल. जॉर्ज बोशाँ हा असलीच गिटार वाजविणारा. लॉस एंजलिस येथें ॲडॉल्फ रिकनबॅकर याच्या साह्यानें त्यानें १९३१-३२ मध्यें ॲल्युमिनमची एक गिटार तयार करविली. तिच्या तारांवर घोड्याच्या नालाच्या आकाराचे दोन चुंबक बसविलेले होते. आकारावरून लोक तिला तळणीचा तवा म्हणत. पेटंटचा अर्ज १९३४ सालीं केला, तें मिळालें १९३७ च्या ऑगस्टांत; हें यंत्र खरोखर चालतें काय, अशी परीक्षकांस शंका होती. अखेर वादक नेऊन कचेरींतच वाजवून दाखवावें लागलें, असें सांगतात.

आवाजाचा प्रश्न असा सुटला, पण त्याच्या पाठोपाठ दुसरा आला. चुंबकाभोंवतीं गुंडाळलेली तार केवळ गिटारच्या तारेचेंच ऐकते असें नाहीं. खोलींतील दिवे, पंखे, भिंतींतून गेलेल्या विजेच्या तारा, या सर्वांची चुंबकीय थरथर तीस ऐकूं येते, आणि कर्ण्यांतून अखंड घूं-घूं सुरू राहते. अमेरिकेंत ती सेकंदास साठ आंदोलनांची, आपल्याकडे पन्नासांची. ज्यांच्या घरांतील विजेच्या जोडण्या जुन्या आहेत, आणि जमिनींत पुरलेली तार कोरड्या उन्हाळ्यांत नांवालाच उरली आहे, त्यांनीं ही घूं-घूं किती छळते हें माझ्या भाच्यास विचारावें. आमच्या दिवाणखान्यांतील पंखा लावला कीं त्याची गिटार आपोआप तंबोरा होई.

या उपद्रवावर उपाय काढणारा मनुष्य म्हणजे गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर. त्याची युक्ति इतकी साधी आहे कीं ती समजल्यावर आपणांस कां सुचली नाहीं असें वाटतें. त्यानें एका ऐवजीं दोन वेटोळीं शेजारीं ठेवलीं. एकाचा वेढा उलट दिशेनें जोडला आणि त्याच्या चुंबकाचें टोंकहि उलटें केलें. बाहेरून येणारी घूं-घूं दोन्ही वेटोळ्यांत सारखीच शिरते, पण जोडणी उलट असल्यामुळें एकीनें दुसरी मारली जाते. तारेचा स्वर मात्र चुंबकाच्या टोंकावर अवलंबून असतो. तेथें दोन वेळां उलट झाल्यामुळें तो सुलट होतो, आणि दोन्ही मिळून वाढतो. १९५५ सालीं पेटंटचा अर्ज झाला व १९५९ सालीं तें मिळालें. मधल्या वर्षांत डबीच्या तळाला 'पेटंटसाठीं अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी डकवीत. त्या चिठ्ठीच्या डब्या आज जवाहिराच्या मोलानें विकल्या जातात. यांतील मौज अशी कीं, त्यांपैकीं कोणतीहि दोन वेटोळीं अगदीं सारखीं नसत. गुंडाळणारे हात कधीं चार फेरे अधिक घालीत, कधीं कमी.

येथवरच्या इतिहासांत हेवी मेटलचें नांवहि नाहीं. तें येतें बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यांतून. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा तेथें कामास होता. संगीतासाठीं नोकरी सोडण्याच्या शेवटच्या दिवशींच त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचीं टोंकें यंत्रांत तुटलीं. तो डावखुरा, तेव्हां तारा दाबावयाचा हात तोच. निराश मुलाला कारखान्याच्या व्यवस्थापकानें जँगो राइनहार्ट याची तबकडी ऐकविली. त्या वादकाची डाव्या हाताचीं दोन बोटें आगींत निकामी झालेलीं होतीं. मग या मुलानें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर कातडें डकविलें, आणि बोटांना सोसतील अशा हलक्या तारा लावल्या. पुढें १९७१ च्या सुमारास त्यानें तारा दीड स्वर उतरवून आणखी सैल केल्या. खर्जांतला जो जड, काळा आवाज आज जगभर हेवी मेटलची खूण मानला जातो, त्याच्या मुळाशीं ही दुखरी बोटें आहेत.

माझ्या भाच्याच्या प्रश्नाचा खरा धागा मला येथें सांपडला. ब्लॅक सॅबथ या मंडळीची पहिली तबकडी १९६९ च्या ऑक्टोबरांत अवघ्या एका दिवसांत मुद्रित झाली व १३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघाली. त्या दिवशीं आयोमी आपल्या नेहमींच्या गिटारवर वाजवीत होता. एक गाणें होतें न होतें तोंच तिचा पिकअप बंद पडला. दुरुस्तीस वेळ नव्हता. त्यानें बरोबर आणलेली दुसरी गिटार उचलली व बाकीचें सारें तिच्यावर वाजविलें. आणि या दुसऱ्या गिटारचे पिकअप कसे होते? लव्हरचे दुहेरी नव्हेत. १९४६ पासून निघत असलेले जुन्या पद्धतीचे एकेरी, घूं-घूं करणारे. हेवी मेटलचा पाया ज्या तबकडीनें घातला असें बहुतेक जाणकार म्हणतात, ती अशा रीतीनें मध्यम जोराच्या एकेरी वेटोळ्यावर वाजविली गेली. "सर्वांत जोरकस" असें लिहिलेली डबी त्या काळीं कोणी विकतहि नव्हतें.

ती विकणारा पुढें लवकरच निघाला. न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओ यानें १९७२ च्या सुमारास एक दुहेरी पिकअप काढला. त्यांत चुंबक मिश्रधातूचा नसून सिरॅमिकचा होता, आणि फेरे पुष्कळ वाढविलेले. कारखान्यानें बसविलेली डबी उपटून तिच्या जागीं वाजविणारानें आपल्या हातानें दुसरी बसवावयाची, हा व्यापारच तेथून सुरू झाला. १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत सेमूर डंकन यानें आपला कारखाना काढला. त्याच वर्षीं त्याच प्रांतांत रॉब टर्नर यानें पुढें ईएमजी या नांवानें गाजलेला धंदा आरंभिला. त्याच्या पिकअपांत लहानसें वर्धक मंडल बसविलेलें असे व त्यासाठीं गिटारींत नऊ व्होल्टांची बॅटरी घालावी लागे. मेटॅलिकाच्या दोन्ही गिटारवादकांनीं तो उचलल्यावर त्याची कीर्ति सर्वत्र झाली.

आपल्याकडे हें सारें उशीरा आलें. आयातीचे कर जबर, परदेशी चलनावर बंधनें. १९९१ च्या आर्थिक सुधारणांपूर्वीं असला सुटा भाग मिळवावयाचा म्हणजे परदेशीं नातेवाईक असणें हाच मार्ग. तशाहि स्थितींत मुंबईंत १९८४ सालीं रॉक मशीन ही मंडळी उभी राहिली, १९८६ पासून धोबी तलावाजवळच्या रंगभवनांत इंडिपेंडन्स रॉकचे मेळावे भरूं लागले, आणि २००० सालीं डीमॉनिक रेझरेक्शन ही खास मेटलची मंडळी निघाली. पाठोपाठ आलेल्या एका मंडळीनें आपलें नांव भयानक मौत असें ठेवलें; हें नांव आमच्या घरीं उच्चारलें गेलें तेव्हां माझ्या बहिणीनें देवापुढें दिवा लावला. २००८ च्या फेब्रुवारींत आयर्न मेडन या इंग्रज मंडळीनें आपल्या जगप्रवासाचा आरंभच मुंबईंत केला. हा सगळा कोलाहल म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी एवढेंच स्मरण देतों कीं, ज्या पेटीवांचून आपलें भजन होत नाहीं ती आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत आपल्या दारांत उभी केली नव्हती.

निवडीच्या प्रश्नाकडे वळतांना मला मिरजेची आठवण झाली. तेथें तंतुवाद्यें घडविण्याचा पाया घालणारे फरीदसाहेब शिकलगार मूळचे हत्यारांना पाणी देणारे. लोखंडाचा हात लांकडाला लागला तो असा. त्या परंपरेंतील कारागीर जवारी काढतो तेव्हां घोडीचा पृष्ठभाग किती घांसावा हें गवयाचा गळा, पट्टी व तारेची जाडी पाहून ठरवितो. जवारी फार उघडी केली तर तंबोरा किणकिणतो, फार बंद केली तर मुका होतो. जास्तींत जास्त जवारीचा तंबोरा द्या, असें कोणी शहाणा मागत नाहीं.

वेटोळ्याचें गणित नेमकें असेंच आहे. फेरे वाढविले कीं जोर वाढतो. पण त्याबरोबर वरच्या पट्टींतील बारीक झणत्कार मरतो व खालचा भाग फुगतो. ध्वनिवर्धक दुबळे होते तेव्हां त्यांस धक्का देऊन आवाज फोडावयास असला जोर हवा होता. १९७२ चा तो पिकअप त्यासाठींच जन्मला. आजच्या ध्वनिवर्धकांत आवाज फोडण्याची शक्ति हवी त्याहून अधिक असते. तेथें जोरकस पिकअप लावला, त्यांतून तारा खर्जांत उतरविल्या, कीं जलद वाजविलेले आघात एकमेकांत मिसळून जातात. हाच आमच्या घरांतला चिखल. हेवी मेटलला हवी असते घट्ट, तुटक, स्पष्ट खालची तार. तिच्यासाठीं घोडीजवळची जागा, दुहेरी वेटोळें, फेरे मध्यम, आणि चुंबक सिरॅमिकचा किंवा मिश्रधातूंतला पांचव्या जातीचा, एवढें पुरे. बॅटरीचा प्रकार शांत व रेखीव खरा. पण त्यासाठीं आंतील नियंत्रक बटनेंहि बदलावीं लागतात व बॅटरीस जागा करावी लागते. शिवाय पिकअप तारांच्या अगदीं जवळ आणूं नये. चुंबक तारेला ओढतो व स्वर बेसुरा होऊन लवकर विझतो. ही उंची दोन स्क्रूंनीं फुकट बदलतां येते. माझ्या मतें कोणींहि पैसे खर्चण्यापूर्वीं हें करून पाहावें. आम्हीं पाहिलें, आणि अर्धा चिखल तेथेंच निवळला.

उरलेल्या अर्ध्यासाठीं मीं पैसे दिले. टपालानें डबी आली. एका रविवारीं सकाळीं भाच्यानें पडवींत चटई घालून गिटार उघडली, जुन्या जोडण्या डाग देऊन सोडविल्या, नव्या केल्या. त्याचे वडील वर्तमानपत्र उघडून बसले होते. पान मात्र उलटत नव्हते. ध्वनिवर्धक लावला. मीं मुद्दाम पंखा सुरू केला. घूं-घूं आली नाहीं. मग त्यानें खालची तार तळहातानें दाबून जलद आघात काढले, आणि मला गिटारींतलें कांहीं न कळतांहि ते एकेक वेगळे मोजतां आले. "आवाज जरा कमी कर," एवढेंच त्याचे वडील म्हणाले. विकण्याचा विषय त्यांनीं काढला नाहीं. तेवढ्यांत वीज गेली. भाचा थांबला नाहीं. वीज येईपर्यंत तो तसाच वाजवीत राहिला, आणि शेजारच्या खोलींत माझ्या बहिणीला त्यांतलें कांहीं ऐकूं येत नव्हतें.