हातांची साक्ष

1872 सालच्या पुराव्याच्या कायद्यात एक लहानसे कलम होते, 119 वे. ज्याला बोलता येत नाही त्याने भर कोर्टात खुणा करून साक्ष दिली तरी चालेल, आणि ती ‘तोंडी पुरावा’ म्हणूनच धरावी, असे त्यात म्हटले होते. इंग्रज सरकारला आपण पुष्कळ बोल लावतो. या कलमापुरती मात्र त्याला शाबासकी दिली पाहिजे.

पण पुढे आठच वर्षांनी इटलीतील मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. जमलेले बहुतेक सारे ऐकू येणारे! त्यांनी ठराव केला की, या मुलांना ओठांनीच बोलायला शिकवावे, खुणांना थारा देऊ नये. आपल्याकडच्या शाळांतही पुढे जोर राहिला तो बोलण्यावरच. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला तो 2010 मध्ये, व्हँकूव्हरच्या परिषदेत.

आमच्या जुन्या धर्मशास्त्राने तर वेडा आणि मुका-बहिरा यांना एकाच यादीत बसवून दोघांचाही वारसा तोडला होता. 1928 च्या कायद्याने बहिऱ्याची त्यातून सुटका केली. कायद्यातून ती यादी गेली. लोकांच्या मनातून गेली का, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता बहिऱ्या माणसाचे मनच आजारी पडले तर? ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 सालचे. शहापूर-मुरबाडकडे दुखणे हाताबाहेर गेले की त्याचेच नाव निघते. रोग्याबरोबर आई किंवा भाऊ जातो आणि तोच दुभाषी होतो. पण दुखण्याचे मूळ त्या भावाशी झालेल्या तंट्यातच असेल, तर डॉक्टरांपर्यंत काय पोहोचणार? न्यूयॉर्कमध्ये 1955 साली बहिऱ्यांच्या मनोविकारांचे खास काम सुरू झाले ते याचसाठी. डॉक्टरांनी स्वतः हातांची भाषा जाणावी, निदान तटस्थ दुभाषी तरी ठेवावा, हा त्यातला धडा. ‘आवाज ऐकू येतात का?’ हा नेहमीचा प्रश्नही येथे फसतो. भ्रमात कित्येक बहिऱ्यांना आपल्याशी बोलणारे हात किंवा हलणारे ओठ भासतात.

मुरबाडच्या डोंगरकडेच्या पाड्यात अडचण आणखी निराळी. शहरातील बहिरे शाळेत, मंडळात एकत्र येतात. त्यांची भारतीय सांकेतिक भाषा चांगली व्याकरणशुद्ध भाषा आहे. पाड्यात एकटाच बहिरा असेल, शाळेत गेलेला नसेल, तर त्याच्या खुणा घरापुरत्या. शहरातला दुभाषी आणून उभा केला तरी तो अडखळणार. तेथे पिढीजात हातांनीच बोलणारा, स्वतः बहिरा असलेला मध्यस्थ उपयोगी पडतो. नव्या खुणा जुळवून घेण्याची सवय त्याला असते. असा माणूस पगारावर नेमावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारांची माहिती रोग्याला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने देऊनच त्याची संमती घ्यावी लागते. भावाने मान डोलावली, ती संमती भावाची.