मौलाना आझादांचं वाचन

मौलाना अबुल कलाम आझाद म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास आठवतात. एक, ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री होते. दुसरी, ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणं होतात आणि मुलांना सांगितलं जातं की मौलाना कधी शाळेत गेले नाहीत, तरी एवढे मोठे आलिम झाले. जणू अल्लाहची देणगी होती, बाकी काही करावं लागलं नाही. मला हे सांगणं खटकतं. शाळेत न गेलेला तो मुलगा घरी काय वाचत होता, कसं वाचत होता आणि त्या वाचनातून लेखक घडायला किती वर्षं लागली, हे कुणी सांगत नाही. मी स्वतः इतिहासावर मराठीत लिहितो. त्यामुळे मला या माणसाच्या राजकारणाइतकंच त्याच्या वाचनाचं कुतूहल वाटत आलं आहे.

आझादांचा जन्म १८८८ चा, मक्केतला. वडील मौलाना खैरुद्दीन हे नावाजलेले पीर, त्यांचे मुरीद दूरवर पसरलेले. कुटुंब कलकत्त्याला आलं. इंग्रजी शिक्षणावर वडिलांचा अजिबात विश्वास नव्हता. मुलाला घरीच अरबी, फारसी, मग तत्त्वज्ञान, गणित, तर्कशास्त्र अशी जुन्या पद्धतीची तालीम दिली गेली. हा अभ्यासक्रम लोक पंचविशीपर्यंत करत बसत. आझादांनी तो सोळाव्या वर्षी संपवला. इथवरची गोष्ट भाषणात येते. पुढची येत नाही.

कलकत्त्यात जनरल पोस्ट ऑफिससमोर डलहौसी स्क्वेअर आहे. लोक त्याला लाल दिघी म्हणत. तिथे झाडांच्या गर्दीत एक बाक होता. बारा-तेरा वर्षांचे आझाद संध्याकाळी फिरायला म्हणून निघत आणि पुस्तक घेऊन त्या झाडीत जाऊन बसत. सोबत आलेले हाफिज वलीउल्ला बाहेर येरझाऱ्या घालून वैतागत; वाचायचंच होतं तर घराबाहेर कशाला पडलात, असं त्यांचं म्हणणं. ही आठवण आझादांनी चाळीस वर्षांनी लिहिली. खेळायच्या वयात एकांत शोधणारं हे पोर मला गुणी वगैरे वाटत नाही, थोडं विचित्रच वाटतं. पण लेखक बहुधा असेच असतात.

नंतर त्यांच्या हाती सर सय्यद अहमद खान यांचं लेखन पडलं. ज्या घरात सर सय्यदांचं नाव घेणंही पाप, त्या घरातला मुलगा त्यांचा वाचक झाला. त्यातून एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की झाली, की आधुनिक विज्ञान, तत्त्वज्ञान आणि साहित्य वाचल्याशिवाय माणूस शिकलेला म्हणवून घेऊ शकत नाही. म्हणजे इंग्रजी आलंच पाहिजे. मौलवी मुहम्मद युसूफ जाफरी यांनी त्यांना मुळाक्षरं शिकवली आणि प्यारीचरण सरकारांचं पहिलं पुस्तक हातात दिलं. त्यापुढे आझादांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी बायबलच्या इंग्रजी, फारसी आणि उर्दू प्रती मिळवल्या, तिन्ही शेजारी शेजारी उघडून ठेवल्या आणि ओळीला ओळ लावून वाचत गेले. जोडीला शब्दकोश घेऊन इंग्रजी वर्तमानपत्रं. अशा रीतीने त्यांनी इतिहास आणि तत्त्वज्ञानाची इंग्रजी पुस्तकं वाचण्यापुरती भाषा कमावली. एका पिराचा मुलगा बायबलवरून इंग्रजी शिकतोय, हे आजच्या व्हॉट्सअॅपच्या जमान्यात किती जणांना पचेल सांगता येत नाही.

या वाचनाने त्यांची झोप उडवली, हेही त्यांनी लपवलं नाही. घरातून मिळालेल्या समजुती तशाच्या तशा स्वीकारणं अशक्य झालं. मधली काही वर्षं शंकेत गेली. ‘आझाद’ हे नाव त्यांनी घेतलं ते याच अर्थाने: वारशाने आलेल्या विचारांना आता मी बांधलेला नाही. पुढे ते कुरआनकडे परतले आणि तर्जुमान-उल-कुरआन लिहिला, तो या शंकेतून गेल्यावर. आपल्याकडे त्यांच्या तफसीरचा गौरव होतो, आधीच्या शंकेचा उल्लेख मात्र टाळतात.

आता लेखनाकडे येऊ. ‘अल-हिलाल’ साप्ताहिक १३ जुलै १९१२ ला कलकत्त्यातून निघालं, तेव्हा आझाद २३ वर्षांचे होते. दोन वर्षांत ते आठवड्याला २६ हजार प्रतींवर गेलं, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. उर्दू पत्रकारितेत असं काही आधी झालं नव्हतं. त्यामुळे सगळ्यांना ते आकाशातून पडल्यासारखं वाटतं. पण मागे जाऊन पाहा. अकरा-बारा वर्षांचे असताना त्यांनी ‘नैरंग-ए-आलम’ नावाचं शायरीचं नियतकालिक काढलं, ते लवकरच बंद पडलं. लाहोरच्या ‘मख्जन’ मासिकाला लेख पाठवले. नोव्हेंबर १९०३ मध्ये, पंधराव्या वर्षी, ‘लिसान-उस-सिद्क’ हे मासिक सुरू केलं. समाजसुधारणा, उर्दूची प्रगती, वाचनाची गोडी वाढवणं आणि पुस्तकांची परखड समीक्षा, हे त्याचे हेतू. तेही दोन वर्षांत संपलं.

याच काळातला मुंबईचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. अल्लामा शिबली नोमानी यांची आणि त्यांची पहिली भेट मुंबईत झाली. समोरच्या मिसरूड न फुटलेल्या पोराशी शिबली बराच वेळ बोलले आणि त्यांना वाटलं, हा ‘लिसान-उस-सिद्क’वाल्या आझादांचा मुलगा असावा. किस्सा हसून सोडून देतात, पण त्याचा परिणाम महत्त्वाचा. शिबलींनी त्यांना लखनौला बोलावून ‘अल-नदवा’च्या संपादनाला बसवलं. तिथून ते अमृतसरच्या ‘वकील’मध्ये गेले. १९०८ मध्ये इराक, इजिप्त, सीरिया, तुर्कस्तानचा प्रवास झाला आणि तिकडच्या क्रांतिकारकांशी गाठ पडली. म्हणजे ‘अल-हिलाल’च्या आधी जवळपास नऊ वर्षं हा माणूस दुसऱ्यांचे लेख तपासत होता, अंक बांधत होता, बंद पडलेल्या मासिकांचा हिशेब मिटवत होता. याला उमेदवारी म्हणतात.

पुढची किंमत वेगळी होती. सरकारने प्रेस कायद्याखाली ‘अल-हिलाल’कडून दोन हजारांचा जामीन घेतला आणि जप्त केला. मग दहा हजार मागितले, तेही गेले. महायुद्ध पेटल्यावर पत्र बंद झालं. ‘अल-बलाग’ काढलं, तर १९१६ मध्ये बंगालमधून हद्दपारी झाली आणि रांचीला नजरकैद. कुरआनच्या भाषांतराची आणि भाष्याची हस्तलिखितं पोलिसांच्या झडत्यांत गेली, परत आली तेव्हा विस्कटलेली होती. वर्षांची मेहनत अशी वाया गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसणं त्यांना किती जड गेलं, हे त्यांनी तर्जुमानच्या प्रस्तावनेत सांगितलं आहे. पहिला खंड बाहेर यायला १९३१ साल उजाडलं.

हे सगळं मला मराठीतून कळलं नाही. मी मराठी माध्यमात शिकलो. घरात दख्खनी, शाळेत मराठी, मशिदीत मौलवीसाहेबांकडे अरबी. तीही फक्त वाचायची, अर्थ न कळता. पण त्या नाजऱ्याचा एक फायदा झाला. पे, टे, चे, डे, गाफ अशी थोडी जास्तीची अक्षरं शिकलो की उर्दूचं दार उघडतं. आमच्या पिढीतल्या हजारो मराठी मुसलमानांच्या हातात ही अर्धी किल्ली आहे आणि ते ती वापरत नाहीत. मी पदवीनंतर वापरली, आणि पहिलं मोठं पुस्तक वाचलं ते ‘गुबार-ए-खातिर’. कारण साधं होतं, ते आपल्या नगरच्या किल्ल्यात लिहिलं गेलं.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत भुलाभाई देसाईंच्या घरातून आझादांना अटक झाली. रेल्वेने नगरला आणलं. नेहरू, पटेल, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, असफ अली, आपले शंकरराव देव, असे सारे काँग्रेस कार्यकारिणीतले. सुरुवातीला वर्तमानपत्र नाही, पत्रव्यवहार नाही. आझाद पहाटे तीन-चारला उठत, स्वतः चिनी चहा करत आणि नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्र लिहीत. ती टपालात पडणारच नव्हती. लिहून बाजूला ठेवायची, इतकंच. १९४६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्याच किल्ल्यात लिहिलेलं नेहरूंचं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ही त्याच वर्षी आलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात असला तरी नेत्यांच्या खोल्या पाहता येतात. तिथे येणाऱ्यांना नेहरूंचं पुस्तक ठाऊक असतं. आझादांनीही इथेच एक लिहिलं, हे सांगितलं की लोक चकित होतात.

त्या पत्रांत काय आहे? चहा आहे. खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी झालेली लढाई आणि नंतरची दोस्ती आहे. देवाच्या अस्तित्वावरचा विचार आहे. नगर हे नाव कानावर पडताच निजामशाही, चांदबीबी, खानखानान असा सगळा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो. तिथल्या तुरुंगाधिकाऱ्याला त्यांनी ‘चीता खान’ हे नाव ठेवलं, ते चांदबीबीच्या काळातल्या एका हबशी किल्लेदाराची आठवण होऊन. वाचलेलं असं अंगात मुरलं पाहिजे की जेलरकडे बघूनही सोळावं शतक आठवावं!

आणि शेवटी संगीत आहे. तरुणपणी त्यांनी कलकत्त्यात एका पुस्तकविक्रेत्याकडून ‘राग दर्पण’ विकत घेतलं. ग्वाल्हेरच्या राजा मानसिंहाच्या काळच्या संगीतग्रंथाचं औरंगजेबाच्या काळात फकीरुल्लाने केलेलं फारसी रूप. मदरसा आलियाचे प्राचार्य डेनिसन रॉस यांनी ते त्यांच्या हातात पाहिलं आणि त्यातलं काहीतरी समजावून सांगायला सांगितलं. आझादांना सांगता आलं नाही. फारसी येत होती, संगीत येत नव्हतं. ती बोचणी त्यांनी मसीता खानांकडे सतार शिकून मिटवली, चांगली चार-पाच वर्षं. पुस्तक समजावं म्हणून वाद्य शिकणारा वाचक मी दुसरा पाहिलेला नाही.

हे मी इतक्या तपशिलाने लिहितो त्याला कारण आहे. मी लिहायला लागलो तेव्हा जिल्ह्याच्या दैनिकात वाचकांची पत्रं, मग बिनमानधनाची पुस्तकपरीक्षणं, असा प्रवास झाला. एका संपादकांना मी पेशवाईतल्या कागदनिर्मितीवर लेख दाखवला. ते म्हणाले, “छान आहे, पण तुम्ही रमजानवर काहीतरी द्या ना.” पुढच्या वर्षी मोहरमवर मागितला. दंगल झाली की प्रतिक्रिया, तलाकचा कायदा आला की प्रतिक्रिया. मराठीत लिहिणाऱ्या बहुतेक मुसलमानांना हा अनुभव असेल. ईदला शीरखुर्म्यासारखी आमची आठवण होते. यात नेहमी वाईट हेतू असतो असं नाही. पण आपणही हळूहळू तेवढंच वाचू लागतो जेवढं आपल्याकडून मागितलं जातं, आणि हे जास्त धोक्याचं आहे. आझादांवर तर कौमचा पुढारी म्हणून केवढा दबाव होता. तरी त्यांनी चिमण्यांवर लिहिलं.

‘अल-हिलाल’ची गडगडाटी भाषा मला आज वाचवत नाही, हेही सांगून टाकतो. अरबी-फारसीचा भार फार आहे आणि व्यासपीठ सारखं दिसत राहतं. ‘गुबार’मध्ये श्रोते नाहीत, एकच मित्र आहे. तिथे वाक्यं श्वास घेतात. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी जुलैखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्या आजारी असताना सरकारकडे भेटीची परवानगी मागायला आझादांनी नकार दिला होता. त्या दिवसांत त्यांनी आपली दिनचर्या मोडू दिली नाही, पण आतून काय चाललं होतं ते दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात आहे. त्या पत्रात विद्वत्ता फारशी नाही.

किल्ल्यात ग्रंथालय नव्हतं, तरी पानोपानी शेर आहेत, फारसी, उर्दू, अरबी, बहुतेक आठवणीतून लिहिलेले. मलिक राम यांनी साहित्य अकादमीसाठी १९६७ मध्ये या पुस्तकाची आवृत्ती तयार केली, तेव्हा एकेका शेराचा कवी आणि मूळ जागा शोधून काढली. काही ठिकाणी आझादांनी लिहिलेला शब्द छापील दिवानात वेगळा निघाला. मलिक राम यांनी टिपांमध्ये दिवानातला पाठही नोंदवला आहे. मी फजरनंतर रोज दोन-चार पानं वाचतो, टीप पाहतो, आणि वहीत आझादांचाच पाठ उतरवून घेतो.