रईस

आपल्याकडे ‘रईस’ म्हटले की तक्क्याला टेकून बसलेला, अत्तराचा शौकीन धनिक डोळ्यांसमोर येतो. शब्द मूळचा अरबी. ‘रास’ म्हणजे मस्तक. मस्तकस्थानी बसेल तो रईस. अरब लोक सभेच्या अध्यक्षालाही रईस म्हणतात आणि राष्ट्राध्यक्षालाही रईसच! पॅलेस्टाइनचे सर्वोच्च पद उभे राहिले ते या दुहेरी अर्थावर.

त्या पदाचा जन्म परक्या भूमीवरचा. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी अल्जिअर्स शहरी पॅलेस्टिनी राष्ट्रीय परिषदेने स्वातंत्र्य घोषित केले. जाहीरनामा लिहिला महमूद दरवीश या कवीने, वाचला यासिर अराफत यांनी. भारताने तीनच दिवसांत मान्यता दिली. पुढल्या एप्रिलात मुक्तिसंघटनेच्या मध्यवर्ती मंडळाने अराफतांना राष्ट्राध्यक्ष निवडले. हाती वीतभर भूमी नाही आणि राष्ट्राध्यक्ष मात्र आहे! हसू येते खरे. पण सिंगापुरातले १९४३ सालचे आझाद हिंद सरकार आठवले, की ते ओसरते.

१९९३ च्या ओस्लो करारानंतर गाझा व जॉर्डनच्या पश्चिम किनाऱ्यावरील काही कारभार पाहण्यासाठी पॅलेस्टिनी प्राधिकरण आले, आणि त्याच्या प्रमुखाला म्हणावे काय, इथे घोडे पेंड खाऊ लागले. पॅलेस्टिनींना राष्ट्राध्यक्ष हवा. इस्रायलला वाटे, तसे म्हटले की राष्ट्रच मान्य केल्यासारखे होईल, नुसते चेअरमन म्हणा. अखेर १९९५ च्या करारात इंग्रजी मजकुरातही अरबी ‘रईस’ तसाच ठेवला. ज्याने त्याने आपल्या सोयीचा अर्थ वाचावा!

२० जानेवारी १९९६ रोजी या पदासाठी लोकांनी प्रथमच मते दिली. अराफतांविरुद्ध उभ्या राहिल्या एकट्या समीहा खलील. सत्तरी ओलांडलेल्या, बायकांना भरतकाम-शिवणकाम शिकवून पायांवर उभे करणारी संस्था चालवणाऱ्या. शंभरांत दहाच्या आसपास मते पडली त्यांना. पण त्या होत्या म्हणून मतपत्रिकेवर दुसरे नाव होते. मला या साऱ्या हकिकतीत त्या बाईच अधिक आठवतात.

२००३ साली बाहेरच्या दडपणाखाली रईसाच्या जोडीला पंतप्रधान आला. पुढल्या वर्षी अराफत वारले, आणि तो पहिला पंतप्रधान, महमूद अब्बास, ९ जानेवारी २००५ च्या निवडणुकीत रईस झाला. मुदत चार वर्षांची. परंतु २००७ साली गाझा हमासच्या हाती गेला, घरात दोन चुली झाल्या, आणि २००९ ची निवडणूक झालीच नाही. २०२१ साली जुलैची तारीख ठरली. जेरुसलेममधल्या मतदानाचे कारण देऊन अब्बासांनी तीही पुढे ढकलली. २००५ साली अठराव्या वर्षी मत टाकून आलेला मुलगा तेव्हा चौतीस वर्षांचा झाला होता.