विजेचे छर्रे

आपण ‘वीज वाहते’ असे म्हणतो, नळाचे पाणी वाहावे तशी. पण वीज पाण्यासारखी सलग नाही, जोंधळ्यासारखी दाणेदार आहे. पत्र्याच्या डब्यात जोंधळा ओतला की दुरून एकच धार दिसते, पण कान दिला तर तडतड ऐकू येते. पीठ ओतले तर ती येत नाही. दाणा जितका टपोरा तितकी तडतड मोठी. म्हणजे नुसत्या आवाजावरून दाण्याचा आकार सांगता यावा! ही गंमत विजेच्या बाबतीत प्रथम ज्याने ओळखली, त्याची ही हकीकत. शेवटी ती आमच्या ग्वेल्फपर्यंत येते, म्हणून मी सांगतो आहे.

ग्वेल्फ म्हटले की लोकांना जुने शेतकी कॉलेज आठवते, नाहीतर पहिल्या महायुद्धातले कवी-डॉक्टर जॉन मॅक्रे. मॅक्रे इथले. जानेवारी १९१८ मध्ये ते फ्रान्समध्ये न्यूमोनियाने वारले. त्याच वर्षी, युद्धाच्या पलीकडच्या बाजूला, बर्लिनच्या सीमेन्स कंपनीत वाल्टर शॉट्की नावाचा बत्तीस वर्षांचा शास्त्रज्ञ व्हॉल्व्हवर विचार करीत होता. हा मॅक्स प्लांकचा विद्यार्थी. टेलिफोनचा क्षीण आवाज व्हॉल्व्हने मोठा करता येई, पण त्याबरोबर खरखरही मोठी होई. सुटे भाग सुधारले, जोडण्या पक्क्या केल्या, की ती जाईल अशी इंजिनियरांना आशा होती. शॉट्कीने १९१८ च्या निबंधात दाखवले, की सगळे निर्दोष केले तरी थोडी खरखर उरणारच. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन एकेक करून, कोणी कोणाची वाट न पाहता, उडतात आणि समोरच्या पट्टीवर आदळतात. बंदुकीच्या छर्ऱ्यांना जर्मन भाषेत ‘श्रोट’ म्हणतात, त्यावरून या प्रकाराला नाव पडले. इंग्रजीतला ‘शॉट नॉइज’ तो हाच.

थोडा हिशेब करू. एक मिलिअँपियर प्रवाहात सेकंदाला सुमारे सहा हजार लाख कोटी इलेक्ट्रॉन जातात. स्वतंत्रपणे घडणाऱ्या घटनांच्या संख्येत चढउतार होतो तो तिच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे इथे सुमारे आठ कोटी. आठ कोटींत एकाचा फरक! एवढा फरक सहज कानावर येणार नाही, पण व्हॉल्व्हमागे व्हॉल्व्ह लावले की येतो. आणि प्रवाह व खरखर दोन्ही मोजली, की एका इलेक्ट्रॉनचा विद्युतभार हाती लागतो.

कागदावर हे सोपे, प्रत्यक्षात सात वर्षे गेली. १९२१ मध्ये हार्टमानने केलेल्या प्रयोगाचे आकडे जुळेनात. १९२५ मध्ये अमेरिकेत जॉन्सनला दिसले, की कमी कंपनसंख्येला व्हॉल्व्हमध्ये आणखी एक वेगळी, कितीतरी मोठी खरखर असते. शिवाय तारेभोवती इलेक्ट्रॉनांचा ढग साचला, तर ते एकमेकांना अडवतात, स्वतंत्र राहत नाहीत, आणि छर्ऱ्यांचा आवाज दबतो. (साध्या तांब्याच्या तारेतही पुरता आवाज येत नाही, तो इलेक्ट्रॉनांच्या अशाच परस्परसंबंधामुळे.) त्याच वर्षी हल आणि विल्यम्स यांनी ढग टाळून, रेडिओच्या उच्च कंपनसंख्येला मोजमाप केले. आलेला आकडा मिलिकनच्या तेलाच्या थेंबांवरून मिळालेल्या आकड्याला अगदी चिकटून होता. माझ्या मते मिलिकनच्या प्रयोगाएवढाच हा सुंदर, पण शाळेच्या पुस्तकांत तो कधी आला नाही.

या युक्तीने पुढे १९९७ मध्ये कमालच केली. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत आणि फ्रान्समधल्या साक्लेत, अतिशीत अर्धवाहकात, प्रबळ चुंबकीय क्षेत्रात, हीच तडतड मोजली गेली. दाणा निघाला इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश! इलेक्ट्रॉन फुटला नव्हता. ते सगळे मिळून असे वागत होते की भार तिसऱ्या हिश्श्याच्या पुड्यांनी वाहावा.

ग्वेल्फचा संबंध येतो तो उलट बाजूने, म्हणजे या तडतडीपासून वाचण्याच्या खटपटीत. ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ गाडीच्या हातावर दगडांचे घटक ओळखणारे कॅनडाचे उपकरण आहे, आणि त्याचे शास्त्रीय नेतृत्व ग्वेल्फ विद्यापीठातल्या राल्फ गेलर्ट यांच्याकडे आले. त्यातले क्युरियम दगडावर किरण सोडते, दगड क्ष-किरणांनी उत्तर देतो. लोखंडाच्या एका क्ष-किरणकणाने सिलिकॉनमध्ये जेमतेम साडेसतराशे इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ते मोजायचे आणि म्हणायचे, हे लोखंड, हे मँगनीज. पण सिलिकॉन उबदार असले की त्यातून इलेक्ट्रॉन आपणहून गळत राहतात. ही गळती अगदी एकसारखी असती तर वजा करून टाकता आली असती. ती पडते छर्ऱ्यांसारखी, आणि शेजारशेजारच्या मूलद्रव्यांच्या रेषा एकमेकींत मिसळतात. त्यावर उपाय एकच, थंडी. २००४ मध्ये उतरलेल्या आधीच्या दोन गाड्यांना चांगल्या मोजणीसाठी मंगळावरची रात्र गाठावी लागे. नव्या उपकरणात विजेवर चालणारे छोटे शीतयंत्र बसवले, त्यामुळे दिवसाही काम होऊ लागले.

ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’ गाडीवर याच जातीचे, क्युरियमवरच चालणारे उपकरण होते, अहमदाबादच्या भौतिकी प्रयोगशाळेने बनवलेले. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मातीत त्याला गंधक सापडले.